भाकरी कोणाच्या घरची?

परवा एका पदयात्रेत चालून आलो. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या पक्षाचा नाही. जळगाव शहरातच होती, पाचेक किलोमीटर. वय साठ, गुडघे कुरकुरतात, पण विषय कापसाच्या भावाचा होता म्हणून गेलो. दुपारी जेवणाची पाकिटं वाटली. पुलाव, एक गुलाबजाम, पाण्याची बाटली. पाकिटावर एका बिल्डरचं स्टिकर, बाटलीवरही तेच. वाटणाऱ्या पोराला सहज विचारलं, "हे जेवण कोणाकडून रे?" तो म्हणाला, "काका, खा ना. तुम्हाला काय करायचंय?"

खरं सांगतो, मी खाल्लं. भूक लागली होती. पण तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे.

७ डिसेंबर १९८०. जळगावहून नागपूरला शेतकरी दिंडी निघाली. मी तेव्हा दहावीत होतो. आमचं गाव महामार्गाला लागून, भुसावळच्या अलीकडे. त्या वर्षी फेब्रुवारीत इंदिराबाईंनी शरद पवारांचं पुलोद सरकार बरखास्त केलं होतं, जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले होते, आणि नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं. विरोधी पक्ष एकत्र येऊन शेतमालाच्या भावासाठी पायी निघाले. गावात आदल्या दिवशी निरोप आला की माणसं येणार आहेत, भाकरी लागतील.

आमचे आबा पक्के इंदिरा काँग्रेसवाले. पवारांचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. मला वाटलं, आपल्या घरून काही जायचं नाही. पण पहाटे मायने कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या आणि आबा ओट्यावर बसून बिडी ओढत होते, काही बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मत देणार नाही मी त्यायले. पण पायी आलेला मानूस उपाशी जाऊ द्यायचा नसतो." गल्लीतल्या प्रत्येक घरातून पाच-सात भाकरी निघाल्या. सोबत वांग्याचं भरीत, हिवाळाच होता, आणि ठेचा. फडक्यात बांधून टोपल्या रस्त्यावर नेल्या. मायचं फडकं परत आलं नाही, ते ती पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवायची. दिंडीचा विषय निघाला की राजकारण राहायचं बाजूला, आधी फडकं.

आता त्या दिंडीची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. पुढारी काही फाटके नव्हते. साखर कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ ज्यांच्या हातात होते अशी कितीतरी मंडळी त्यात होती. सत्ता गेलेली होती आणि ती परत हवी होती. शिवाय महिनाभर आधी, नोव्हेंबरात, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिककडे कांदा आणि उसासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली होती. शेतकरी आपल्या हातून चालला हे राजकारण्यांना तेव्हा कळलं. शरद जोशी तर त्याच वर्षीच्या जानेवारीत वांद्रे ते चाकण पायी मोर्चा काढून मोकळे झाले होते. म्हणजे दिंडीत राजकारण होतं, भरपूर होतं. नागपूर गाठायच्या आधी नेत्यांना अटक झाली. यशवंतराव चव्हाणांनाही झाली. देशाचा उपपंतप्रधान राहिलेला माणूस आपल्याच राज्यात पोलिसांच्या गाडीत.

पण एक गोष्ट होती. त्या दिंडीचं पोट वाटेवरच्या गावांच्या हातात होतं. एखाद्या गावाने भाकरी नाही दिली, तर तिथे चालणारा उपाशी राहणार. त्यामुळे चालणाऱ्याला त्या गावाशी बोलावं लागायचं, त्याचं ऐकावं लागायचं. आजच्या पाकिटाचं तसं नाही. बिल्डरने पाकीट दिलं की गावाची गरजच संपते. मग गाव फक्त फोटोच्या मागे दिसायला उरतं.

कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला थैलीशाही नवी नाही म्हणा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर पडली. भाव चढले, खानदेशात रेल्वे आली, जिकडे तिकडे कापूस झाला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. इथपर्यंत बाजार म्हणू. पुढचं मात्र शुद्ध राजकारण आहे. लँकेशायरच्या गिरणीमालकांची ब्रिटिश पार्लमेंटात ताकद होती. विलायती कापडावर हिंदुस्थानात लागणारी जकात त्यांना नको होती. १८७९ ला ती काही कापडावरून उठली, १८८२ ला पूर्ण गेली. पुढे सरकारला पैशाची चणचण भासली म्हणून जकात परत आली, तर हे लोक म्हणाले, मग हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावरही कर बसवा, नाहीतर आमच्यावर अन्याय होतो. १८९६ ला तो बसला, साडेतीन टक्के. आपल्याच कापसाचं, आपल्याच देशात विणलेलं कापड, आणि त्यावर मँचेस्टरच्या समाधानासाठी कर. अमळनेरची प्रताप मिल १९०६ ची. तिच्या कापडालाही तो लागला असणारच, कारण कर उठला तो थेट १९२६ ला. कंपन्यांनी कायदा कसा वाकवावा याचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही, आणि तो आमच्या शेतातून गेलेला आहे.

चालण्याचा आणि पैशाचा विचार सगळ्यात खोलवर केला तो विनोबांनी. त्यांचा आणि आमच्या भागाचा संबंध तुरुंगाचा. १९३२ साली ते धुळ्याच्या जेलमध्ये होते. दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक तिथलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

१९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि हा माणूस तेरा वर्षं देशभर चालत राहिला. चळवळ वाढली तशा जिल्ह्याजिल्ह्यात समित्या झाल्या, पगारी कार्यकर्ते आले. त्यांचा खर्च गांधी स्मारक निधीतून चालायचा. गांधीजी गेल्यावर उभा केलेला हा निधी. त्यात साध्या माणसांचे पैसे होते तसे उद्योगपतींचेही होते. पैसा चोख, हिशोब चोख, देणारा काही मागत नव्हता. तरी १९५६ च्या अखेरीला विनोबांनी सांगितलं, हा पैसा बंद. समित्याही बरखास्त. त्यांनी त्याला शब्द दिले 'निधिमुक्ती' आणि 'तंत्रमुक्ती'. त्याऐवजी काय? सर्वोदय पात्र. प्रत्येक घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. त्यावर कार्यकर्ता जगेल. नाही टाकलं कोणी, तर त्या गावात आपलं काम नाही असं समजायचं.

व्यवहार म्हणून हे फसलं असं मी म्हणेन. कार्यकर्त्यांची आबाळ झाली, पुष्कळ जण घरी गेले. घर चालवणाऱ्या माणसाला मूठभर ज्वारीवर किती दिवस राबवणार? विनोबांना संसार नव्हता, त्यांना हे बोलायला सोपं होतं. तरीही १९५८ ला त्यांची पदयात्रा महाराष्ट्रात फिरत होती तेव्हा आमच्या पश्चिम खानदेशात, अक्राणीच्या डोंगरात ग्रामदानाचं काम उभं राहिलं. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी होतं, त्यांनीच दिलं. या फसलेल्या प्रयोगाचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. पैसा देणारा आज काही मागत नसला, तरी उद्या चळवळ कोणाकडे बघून पाऊल टाकेल?

हाच प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे १९५७ ला आला, फक्त कोटात. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षाला देणगी द्यायची होती, त्यासाठी कंपनीची नियमावली बदलून हवी होती. मुख्य न्यायाधीश छागला यांनी परवानगी दिली, कायद्यात मनाई नव्हती म्हणून. पण निकालात त्यांनी इशारा दिला की ही लोकशाहीला धोक्याची वाट आहे, संसदेने यात लक्ष घालावं. संसदेने घातलं, आपल्या पद्धतीने. १९६० ला मर्यादा घातली. १९६९ ला इंदिराबाईंनी कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आणली. म्हणजे आमची दिंडी निघाली तेव्हा कंपनीने पक्षाला एक रुपया देणं बेकायदेशीर होतं. कागदावर. व्यवहार पेटीतून चालायचा, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. १९८५ ला बंदी उठली. २०१३ च्या कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के अशी मर्यादा आली. २०१७ ला तीही काढून टाकली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कोण देतो, कोणाला देतो, मतदाराला कळायचं नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ते रद्द केले. तोवर साधारण साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. तपशील द्यायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर. कोर्टाने ११ मार्चला सांगितलं, उद्यापर्यंत द्या. आणि दिला की! ज्याला साडेतीन महिने लागणार होते ते एका दिवसात झालं.

निकाल लागला तेव्हा मला अमेरिकेतल्या एका आजीची आठवण झाली. डोरिस हॅडॉक, लोक 'ग्रॅनी डी' म्हणायचे. न्यू हॅम्पशायरची. कंपन्यांच्या पैशाने निवडणुका विकत घेतल्या जातात याचा संताप येऊन ही बाई वयाच्या ८९ व्या वर्षी, १ जानेवारी १९९९ ला, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाहून पायी निघाली. संधिवात, फुप्फुसाचा आजार. रोज दहा मैल. रात्री वाटेत जो बोलावेल त्याच्या घरी मुक्काम. वाळवंट ओलांडलं, नव्वदावा वाढदिवस रस्त्यावर झाला, शेवटी बर्फाने वाट बंद झाली तर शंभर मैल बर्फावरच्या फळ्या बांधून गेली. २९ फेब्रुवारी २००० ला वॉशिंग्टनला पोचली. ३,२०० मैल, म्हणजे आपण जळगावहून कन्याकुमारीला तीन वेळा चालत गेलो तर होईल तेवढं. २००२ ला तिकडे पक्षांच्या मोकाट पैशाला आवर घालणारा कायदा झाला. मग २१ जानेवारी २०१० ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने कंपन्यांना निवडणुकीत हवा तेवढा खर्च करायची मोकळीक दिली. तीन दिवसांनी आजीला शंभर वर्षं पूर्ण झाली. मार्चमध्ये ती गेली. आपल्याकडे कोर्टाने दार लावलं, तिकडे कोर्टानेच उघडलं.

चालून काय होतं, असं पोरं विचारतात. मी त्यांना २०१८ च्या मार्चचं सांगतो. नाशिकहून मुंबईला किसान सभेचा लाँग मार्च गेला, साधारण १८० किलोमीटर. सुरगाणा-पेठच्या आदिवासी बाया घरून धान्य बांधून निघाल्या होत्या, पाय सोललेले. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालल्या, रस्ते अडू नयेत म्हणून. मुंबईकरांनी पाणी आणलं, चपला आणल्या. सरकारला लेखी द्यावं लागलं. लिहिलेलं सगळं मिळालं का, तर नाही. वनहक्काच्या जमिनीसाठी आमच्या नंदुरबारचे लोक २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा पायी निघालेच होते. त्याला त्यांनी नाव दिलं बिऱ्हाड मोर्चा. भांडीकुंडी, पीठ, सरपण, सगळं सोबत. त्या मोर्चात स्टिकर लावायला जागाच नसते, कारण पाकीटच नसतं.

तर मी काल त्या पदयात्रेच्या संयोजकांना फोन केला. म्हटलं, जेवण कोणाचं होतं, गाड्या कोणाच्या, मंडप कोणाचा, एका कागदावर लिहून कार्यालयाबाहेर लावा. तो भला माणूस आहे, चिडला नाही. म्हणाला, "सर, निवडणूक होऊ द्या, मग बघू हिशोबाचं."

पुढच्या रविवारी पुन्हा चालायचं आहे, या वेळी भुसावळच्या बाजूला. मी जाणार आहे. कापसाचा प्रश्न खरा आहे, तो स्टिकरमुळे खोटा होत नाही. बायकोला सांगून ठेवलंय, चार कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दे. फडकं जुनं दे म्हटलं.