सेनासाहेबसुभा : एका किताबाची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की कापूस, सागवान आणि पांढरकवड्याकडचे रान एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण याच जिल्ह्यात भाम नावाचे एक गाव आहे, आणि मराठेशाहीतल्या एका फार मोठ्या किताबाचा मुक्काम एके काळी तिथे होता, हे खुद्द यवतमाळकरांनाही कधी कधी सांगावे लागते. तो किताब म्हणजे 'सेनासाहेबसुभा'. नागपूरकर भोसल्यांनी तो जवळजवळ दीडशे वर्षे मिरवला. त्याच्यासाठी भाऊ भावाशी लढला, चुलत्याने पुतण्याशी वैर धरले, आणि शेवटी ज्याने तो पुसून टाकला त्या लाटसाहेबाच्या स्वतःच्या किताबाचे काय झाले, ही हकीकत तर ऐकण्यासारखीच आहे.

किताबाचा अर्थ सरळ आहे. सेनेचा साहेब, म्हणजे फौजेचा मुख्य. आणि सुभा, म्हणजे प्रांताचा अंमलदार. १७०७ साली औरंगजेब वारला आणि मोगलांच्या छावणीतून शाहू महाराज सुटून दक्षिणेकडे निघाले. 'हे शाहू खरे नव्हेत, तोतया आहे,' अशी आवई तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने उठवली होती. त्या नाजूक वेळी जे सरदार पहिल्यांदा महाराजांना येऊन मिळाले, त्यांत हिंगणीकर भोसल्यांच्या कुळातले परसोजी होते. लोकांचा संशय फिटावा म्हणून परसोजी महाराजांच्या पंक्तीला बसून एकाच ताटात जेवले, असे परंपरा सांगते. त्या घासाची किंमत मोठी होती. महाराजांनी परसोजींना सेनासाहेबसुभा हा किताब दिला आणि वऱ्हाड-गोंडवनाकडची चौथाई नेमून दिली.

परसोजींच्या मागून त्यांचे चिरंजीव कान्होजी गादीवर आले. त्यांनी भाम येथे आपले ठाणे केले. नागपूरला भोसल्यांचा वाडा उभा राहण्याआधी सेनासाहेबसुभ्याचा दरबार भरे तो असा यवतमाळच्या मुलखात. कान्होजींना बरेच दिवस मूल नव्हते, म्हणून चुलत पुतण्या रघूजी याला त्यांनी मुलासारखे वाढवले. पुढे देवाने दिले, रायाजी जन्मला, आणि रघूजी परका झाला. आपल्या घराघरांत घडणारी ही गोष्ट. फक्त इथे पणाला शेताचा तुकडा नव्हता, अर्धे वऱ्हाड होते. रघूजी रुसून निघाला, इकडे तिकडे चाकरी करून अखेर साताऱ्यास शाहू महाराजांच्या पदरी राहिला. कान्होजींचा हिशेब थकला होता, महाराजांची मर्जीही फिरली होती. १७३० च्या आसपास किताब रघूजीला मिळाला आणि चुलत्याला धरून आणण्याचा हुकूमही त्यालाच झाला. भाम सोडून कान्होजी वणीजवळच्या मंदरपर्यंत पळाले. तिथे ते सापडले आणि कैद होऊन साताऱ्यास गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विलायतेतला उमरावी किताब एकदा राजाने सनदेत लिहून दिला, की बापाकडून मुलाकडे आपोआप उतरतो. राजाला पुन्हा विचारावे लागत नाही. आमच्याकडे तसे नव्हते. प्रत्येक वारसाला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. पुढे पुढे ती पुण्याच्या, म्हणजे पेशव्यांच्या, हातून येऊ लागली. वस्त्रांसाठी नजराणा भरावा लागे. वस्त्रे आली की किताब आला. ती अडली की थोरल्या मुलालाही नुसते बसून राहावे लागे. वारसा रक्ताचा खरा, पण त्यावर शिक्का देणाराचा. या एका फरकात सगळ्या पुढच्या भानगडी साठवलेल्या आहेत.

रघूजींनी नागपूर राजधानी केली, बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाकडून ओरिसा व सालिना बारा लाखांची चौथाई मिळवली. १७५५ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि घरात तंटा उभा राहिला. जानोजी वयाने वडील, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. थोरला कोण? दोन्ही पक्षांना शास्त्र सापडले. शेवटी पुण्याने निवाडा केला : जानोजींना सेनासाहेबसुभा, आणि मुधोजींच्या समाधानासाठी एक नवा किताब, 'सेनाधुरंधर', व चांद्याचा मुलूख. बिंबाजी छत्तीसगडकडे गेले आणि साबाजींच्या वाट्याला आले दारव्हे. यवतमाळ जिल्ह्याचा किताबाशी संबंध असा दुसऱ्यांदा जुळला.

जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींच्या मुलाला, दुसऱ्या रघूजीला, दत्तक घेतले आणि १७७२ मध्ये देह ठेवला. लगेच दारव्हेकर साबाजी आणि मुधोजी समोरासमोर आले. पुणे दरबारातले दोन पक्ष दोघा भावांच्या पाठीशी उभे राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या मैदानात मुधोजी वेढले गेले. साबाजी हत्तीवरून त्यांना शरण ये म्हणून सांगायला पुढे झाले, आणि मुधोजींच्या पिस्तुलाच्या गोळीने ठार झाले. सख्खे नसले तरी एकाच बापाचे ते मुलगे. किताब मात्र दत्तकपुत्राकडेच राहिला, आणि या दत्तकाला कोणी हरकत घेतली नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

दुसऱ्या रघूजींच्या काळात इंग्रज दाराशी आले. १८०३ मध्ये असई आणि अडगाव येथे पराभव झाला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड हातून जाऊन निजामाकडे गेले. भाम गेले, दारव्हे गेले. किताब ज्या मातीत रुजला ती मातीच भोसल्यांची उरली नाही.

१८१६ मध्ये रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुबळे, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाले. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेले आढळले, आणि आप्पासाहेब राजे झाले. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. आणि नेमक्या याच वेळी बाजीरावांनी आप्पासाहेबांना सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे पाठवली! शत्रूने दिलेली वस्त्रे तुम्ही घेऊ नयेत, असे रेसिडेंट जेंकिन्सचे म्हणणे. समारंभाला यायचे त्याने नाकारले. आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला ती वस्त्रे थाटाने अंगावर घेतली. दोनच दिवसांनी सीताबर्डीवर तोफा धडधडू लागल्या. लढाई होण्याची कारणे अनेक होती, पण ठिणगी पडली ती या वस्त्रांवर.

सीताबर्डी हरली, आप्पासाहेब पकडले गेले. त्यांच्या मदतीला चांद्याकडे निघालेल्या बाजीरावांची फौज १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने उधळली. किताब देणारा पेशवा असा यवतमाळ जिल्ह्यातच मोडला.

इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा परसोजींच्या विधवा राणीला दत्तक देऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवला. हाही दत्तकच, आणि साहेबांच्याच संमतीने! पण १८२६ च्या तहात त्याला साताऱ्याच्या छत्रपतींशी असलेला संबंध सोडावा लागला. पुढे १८४८ मध्ये डलहौसीने साताराच खालसा केला. वस्त्रे पाठवणारे पुण्यातही उरले नाहीत, साताऱ्यातही उरले नाहीत.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. त्यांनी दत्तक घेतला नव्हता. राण्यांनी आप्तांतला मुलगा पुढे केला. मागे याच घरात दत्तक चालले होते. रेसिडेंट मॅन्सेल राज्य राखावे अशा मताचा होता, कौन्सिलातल्या कर्नल लो यानेही विरोध नोंदवला. डलहौसीचे म्हणणे, औरस वारस नाही म्हणजे वारसच नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीला गेले. राणीवशाचा आक्रोश त्या लिलावाच्या बोलीत बुडून गेला. १८५७ च्या धामधुमीनंतर सरकारने दत्तकपुत्र जानोजींना 'देऊरचे राजेबहादुर' म्हणून मान दिला. पण सेनासाहेबसुभा हा किताब परत आला नाही.

आता विलायतेकडे वळू. १८४९ मध्ये पंजाब जिंकल्याबद्दल डलहौसीला राणीने 'मार्क्विस ऑफ डलहौसी' केले. तिकडचा कायदा असा, की हा किताब फक्त त्याच्या पोटच्या मुलाकडे जावा. दत्तकाची तिथे सोयच नाही. डलहौसीला होत्या दोन मुली. १९ डिसेंबर १८६० रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. वडिलोपार्जित अर्लपद भाऊबंदांपैकी फॉक्स मॉल याला मिळाले. मार्क्विसपद त्याच्याबरोबरच संपले. नागपूरच्या राजाच्या मरणानंतर सात वर्षे आणि आठ दिवसांनी!

कुणी म्हणेल, देवाने उट्टे काढले. तसे म्हणण्यात अर्थ नाही, आणि डलहौसीच्या मुलींचा त्यात काही दोषही नाही. त्याने आपल्या देशाचा नियम आपल्या घरालाही लागू करून घेतला. आमच्या घराला मात्र तो आमचा नसताना लावला, ही खरी तक्रार. मार्क्विसपद संपले ते घेणारा उरला नाही म्हणून. सेनासाहेबसुभ्याला घेणारा होता, दत्तक घेऊन नाव चालवण्याची रीतही होती. नव्हता तो देणारा.

आज नागपूरच्या महालात भोसल्यांचे घराणे नांदते आहे. भामला दरबार नाही, दारव्ह्याला साबाजींचा थाट नाही, शिवणीच्या रानात तोफांचा आवाज नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीशेजारी वडिलांच्या हातचे जुने कागद ठेवणारी घरे आपल्याकडे अजून आहेत. त्यांतली एखादी सनद निकामी झाली असेल, तिच्यावरचे शिक्के कोणत्याच कचेरीत चालत नसतील. तरी ती फेकू नये. कोणी दिले, कोणी घेतले आणि कोणी हिसकावले, एवढे तरी ती पुढच्या पिढीला सांगत राहील.