हात आणि उमेद

लातूरहून नांदेडकडे जाताना वाटेत चाकूर लागते. गावाजवळ सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे जवान घडविले जातात. ही विद्या फार जुनी आहे. परंतु लढाईत हात अथवा पाय गमावून घरी परतलेल्या जवानाला पुन्हा कामाला उभे करण्याची विद्या आपल्याकडे जेमतेम शंभर वर्षांची आहे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून जखमी हिंदी शिपाई मुंबई बंदरात उतरू लागले. तेव्हा, 1917 साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी मुंबईत एक शाळा निघाली. राणी मेरीचे नाव धारण करणारी ही संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. लाकडी पाय देऊन शिपायाला घरी न धाडता त्याला एखादा धंदा शिकवावा, हा तिचा हेतू होता. निवृत्तिवेतनाने चूल पेटेल, पण उरलेला दिवस कसा जायचा? हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे, मनाचा आहे. मात्र त्या काळी त्याला मानसशास्त्र हे नाव कोणी देत नसे.

ह्या प्रश्नाचा सर्वांत कठोर कस लागला तो शेजारच्या विदर्भात, वरोऱ्याला. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, हे तेथले वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाईकामगारांचे कष्ट कळावेत म्हणून मैला वाहण्याचे काम त्यांनी स्वतः पत्करले होते. एका पावसाळी रात्री वाटेत मरणपंथाला लागलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि बाबा घाबरून पळाले. मग परत आले. त्याच्यावर आडोसा उभारून त्याची शुश्रूषा केली. मला ह्या कथेतले परतणे जितके मोलाचे वाटते, तितकेच ते आधीचे पळणेही. धडधाकट माणसाच्या मनातले भय हा रोग्याच्या वाट्याला आलेला दुसरा रोग, हे बाबांना पोथीतून कळले नव्हते, स्वतःच्या पायांनी कळले होते.

1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 साली आनंदवन सुरू झाले. सहा रोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि खडकाळ, झुडपी जमीन एवढे भांडवल. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खणल्या, पिके काढली. सल्फोन औषधांनी रोग बरा होऊ लागला होता खरा. पण बरा झालेला माणूस जाणार कोठे? घर बंद, बाजार बंद, आणि अंगवळणी पडलेली भीक तेवढी उघडी. म्हणून बाबांनी दान मागे सारून श्रम पुढे केले.

योगायोग असा, की त्याच सुमारास दूर अमेरिकेत तमारा डेम्बो, बिएट्रिस राइट प्रभृती मानसशास्त्रज्ञ युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलाखती घेऊन हेच ताडून पाहत होते. 1956 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गमावलेल्या गोष्टीवरच माणसाचे सारे मोल टांगलेले राहिले तर तो उठत नाही. मोलाच्या इतर गोष्टी त्याला दिसू लागल्या, की अपंगत्व त्याच्या सर्व आयुष्यावर पसरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि लोकांची कीव त्याला बोचते. वरोऱ्याच्या विहिरींवर वेगळे काय घडत होते?

परंतु रोग्याचे मन उभे राहिले तरी काम भागत नाही. आनंदवनाची भाजी पिकली, ती गावात कोणी घेईना! 1954 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नागरी सेवा संस्थेचे देशोदेशीचे तरुण तेथे येऊन राहिले, रोग्यांच्या बरोबर राबले, जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली आणि भाजी खपू लागली. म्हणजे उपचार खऱ्या अर्थाने गिऱ्हाइकावर झाला! 1964 साली तर ह्याच माणसांनी उभारलेल्या महाविद्यालयात त्या गावची मुले शिकायला आली.

मराठवाड्यात हा विषय दुःखाच्या वाटेने आला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असता, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे माणसांवर कोसळली. हजारो दगावली, कित्येक जायबंदी झाली. भूकंपाने मनांवर झालेल्या आघाताचा अभ्यास डॉ. मोहन आगाशे (आपण त्यांना नट म्हणून अधिक ओळखतो) यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी हाती घेतला, ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट होती. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा दिल्या, 2016 च्या कायद्याने चार केल्या. पण शेतावरच्या, दुकानातल्या कामाला टक्केवारी लागू होत नाही. तेथे मालकाचे आणि शेजाऱ्याचे मनच काय ते ठरवते.

त्या पहाटे विशीत असलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला. त्याचा पाय कोणत्या दिवशी काढला, ते कागदात सापडेल. तो पुन्हा रानात कधी गेला, आणि ‘चल, कामाला ये’ असे त्याला प्रथम कोण म्हणाले, हे मात्र त्याच्या पारावर बसूनच विचारावे लागेल.