वर्ण, वंश आणि जन्म : बाबासाहेबांच्या वंशविचाराचा अन्वयार्थ

गोऱ्यांनी काळ्यांवर लादलेल्या अन्यायाला मराठीत आपण 'वर्णद्वेष' म्हणतो आणि हिंदू समाजाच्या चार थरांनाही 'वर्ण'च म्हणतो. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्यामुळे चातुर्वर्ण्य हा मुळात कातडीच्या रंगाचा भेद होता, गोरे आर्य जिंकले आणि सावळे अनार्य हरले, ही समजूत आपल्याकडे सहज रुजली. सनातन्यांनी ती श्रेष्ठत्वाच्या पुराव्यासाठी वापरली, तर अनेक परिवर्तनवाद्यांनी तीच उलटी करून स्वाभिमानासाठी वापरली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र ती आयुष्यभर नाकारली. त्यांच्या या नकाराकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

राजापेठेतील आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न वारंवार निघतो. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस किंवा परदेशी जाऊन आलेली मुले विचारतात, "जात म्हणजे वंशच ना? आपण या भूमीचे मूळचे आणि ते बाहेरचे, हे खरे ना?" या प्रश्नामागे दुखावलेला स्वाभिमान असतो. म्हणून त्याचे उत्तर घोषणेने देऊन भागणार नाही. इतिहास तपासूनच ते दिले पाहिजे.

वंशाची मोजपट्टी

जातीला वंशाचे शास्त्रीय रूप देण्याचा उद्योग ब्रिटिश अमदानीत झाला. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी त्यापूर्वीच, १८९१ मध्ये, बंगालमधील जातीजमातींच्या शरीरमापांवर ग्रंथ प्रसिद्ध केले होते. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून, नाक जितके रुंद तितका त्या जातीचा सामाजिक दर्जा खालचा, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. माणसाची प्रतिष्ठा नाकावरून मोजण्याची ही विद्या त्या काळी प्रगत विज्ञान म्हणून मान्यता पावली होती.

याच विचाराची दुसरी शाखा म्हणजे 'लढाऊ वंशां'चा सिद्धान्त. त्याचा फटका आपल्या पूर्वजांना थेट बसला. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली असताना, १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाची गरज निर्माण झाली, तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. साम्राज्याला निकड असली की रक्त लढाऊ ठरे आणि निकड सरली की तेच रक्त नालायक ठरे. वंशाच्या शास्त्राची किंमत किती, हे यावरून वाचकांनी ठरवावे.

कोलंबियातील निबंध

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो पुढील वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून, कवटीचा आकारसुद्धा परिस्थितीनुसार बदलतो, असे बोआस यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. वंशाच्या पक्क्या कप्प्यांना त्या विद्यापीठात तडे जाऊ लागले होते.

त्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की, युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णपूर्वग्रहाने ग्रासलेले असल्यामुळे जातीच्या मुळाशी त्यांना रंगच दिसतो. भारतातील लोक नाना समूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. ते मिश्रण थांबवून लग्नाचे दरवाजे आतून लावून घेतले गेले, तेव्हा जात जन्मास आली. आपापल्या गटातच विवाह हे जातीचे खरे यंत्र होय. त्याच १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंड प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या वऱ्हाडातील लोकांच्याही चालीरीती जातवार नोंदलेल्या आहेत. एका बाजूस राज्यकर्ते आपल्या जाती नोंदवीत होते आणि दुसऱ्या बाजूस आपल्यातलाच एक विद्यार्थी त्या जातींचे यंत्र उलगडून दाखवीत होता.

हा विचार त्यांनी पुढे सोडला नाही. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने एकच आहेत, असे त्यांनी मांडले. १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात 'वर्ण' शब्दाची छाननी करून, त्याचा मूळ संबंध रंगाशी नसून श्रद्धेशी होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नासिकामापेच घेतली आणि त्यांच्याच आधारे ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखविले. ब्राह्मणांना जो वंश लावाल तोच अस्पृश्यांना लावावा लागेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. रिस्ले यांची मोजपट्टी त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध उभी राहिली.

मंदिराच्या दारातील प्रश्न

राजापेठेपासून अंबादेवीचे मंदिर दूर नाही. या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून वऱ्हाडातील अस्पृश्यांनी १९२७ मध्ये सत्याग्रहाची तयारी केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. मंदिराबाहेर थांबविलेले लोक आणि आत जाणारे लोक यांची भाषा एक, शेतशिवार एक, ऊनपाऊस एक, चेहरामोहराही एकच. दारावरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी कोण कोणाचा हे ओळखता आले नसते. त्याला विचारावेच लागले असते.

आजही असेच आहे. भाड्याने खोली पाहण्यास गेलो असता घरमालकाने आडनाव विचारल्याचा अनुभव आम्हांसही आहे. आडनावावरून उलगडा झाला नाही की गाव विचारले जाते आणि गावावरूनही कळले नाही की गावातील वस्ती. अमेरिकेतील काळ्या माणसाचा अपमान करणाऱ्यास त्याचे नाव विचारावे लागत नाही. आपल्याकडे मात्र अपमानापूर्वी चौकशी करावी लागते. ही चौकशीच सांगते की जातीचे चिन्ह देहावर नाही, ते समाजाच्या स्मरणवहीत आहे.

मूळचे आणि बाहेरचे

मग महात्मा जोतीराव फुल्यांनी आर्य-आक्रमणाचा सिद्धान्त का स्वीकारला, असे कोणी विचारील. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. जगातील दोन गुलामगिऱ्यांचे नाते ओळखणारा तो पहिला मोठा भारतीय उद्गार होय. त्या काळी उपलब्ध असलेले सिद्धान्त त्यांनी ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वळविले. परंतु त्यांची वाट कुळाच्या अभिमानाशी थांबली नाही. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात सर्व स्त्रीपुरुष एकाच निर्मिकाची लेकरे ठरतात. वलंगकरांच्या संस्थेच्या नावातील 'अनार्य', हैदराबादेत भाग्यरेड्डी वर्मांनी चालविलेली 'आदि-हिंदू' ओळख, पंजाबातील मंगूराम यांचा १९२६ चा 'आद धर्म' ही सारी नावे ज्यांना नावच नाकारले गेले होते अशा लोकांनी धारण केली. त्यांचे ऐतिहासिक मोल आम्ही कमी लेखीत नाही.

तथापि हाती धरून उठण्याची काठी वेगळी आणि कायमचे घर वेगळे. 'आम्ही मूळचे, ते बाहेरचे' हा दावा माणसाची लायकी पुन्हा जन्मावरच ठरवितो. त्यात फक्त वरचा खाली आणि खालचा वर होतो. जिना तसाच राहतो.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी नाग लोकांचा उल्लेख केला, याची आठवण येथे कोणी करून देईल. तो उल्लेख धम्माच्या पहिल्या प्रचारकांच्या कृतज्ञ स्मरणाचा होता. आदल्या दिवशी दीक्षाभूमीवर कोणाच्याही रक्ताची चौकशी झाली नव्हती. जो उभा राहून प्रतिज्ञा उच्चारील तो बौद्ध. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे २,५०० होती, १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत कोणाचा वंश बदलत नाही, माणसाचा निश्चय मात्र बदलतो. बौद्ध ही आपली ओळख अशा निश्चयाने मिळविलेली आहे.

जनुके काय सांगतात

आता जनुकशास्त्राचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या २०१३ च्या संशोधनानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूहांत व्यापक संकर झाला आणि त्यानंतर गटांतर्गत विवाहाची पद्धत घट्ट झाली. १९१६ च्या निबंधातील मिश्रण व बंदिस्त विवाह हा क्रम येथे ओळखू येतो. २०१९ च्या संशोधनात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेला वारसा काही परंपरागत पुरोहित समूहांत तुलनेने अधिक आढळला, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. म्हणजे प्रमाणाचे फरक आहेत, निखळ मात्र कोणीच नाही. आणि उद्या कोणी अधिक फरक दाखविले, तरी पाणवठ्यावरील हक्क त्याने कमी होणार नाही. समतेचा पाया प्रयोगशाळेच्या अहवालावर उभारणे धोक्याचे आहे.

डर्बनचा धडा

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. तेथे जातीचा प्रश्न यावा, असा दलित संघटनांचा आग्रह होता. जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून भारत सरकारने त्यास विरोध केला. वाक्य बाबासाहेबांच्या विचाराशी जुळणारे होते, पण त्याचा उपयोग अन्याय झाकण्यासाठी होत होता. वस्तुतः १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांच्या जोडीला 'जन्मवंशपरंपरा' हा आधारही नमूद आहे आणि तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आला होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये त्यात जातीचा समावेश होतो, असे स्पष्ट केले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व निग्रोंच्या स्थितीतील साम्य दाखविले, तेही याच भूमिकेतून. दोघांचा वंश एक असण्याची गरज नव्हती, दोघांवरील अन्यायाची जात एक होती. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदास बंदी केली, तेव्हा जात हा शब्द स्वतंत्रपणे लिहिला.

वंशवाद म्हणजे काय, याचे उत्तर येथे सापडते. माणसाची लायकी त्याच्या आचरणाऐवजी जन्मावरून ठरविणे, हा वंशवादाचा गाभा होय. वंश खरे असोत वा कल्पित, त्याने फरक पडत नाही. म्हणूनच 'आम्ही जात मानीत नाही' असे म्हणणाऱ्या बौद्धास जातीचा दाखला का लागतो, या टोमण्याचेही उत्तर देता येते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना मिळालेले अनुसूचित जातींचे संरक्षण ही आपल्या रक्ताची साक्ष नाही. समाजाने जन्मावरून केलेल्या व्यवहाराची ती नोंद आहे. व्यवहार थांबला की नोंदीची गरज संपेल.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच विवेक शिकविला आहे. गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्या जाती देहाच्या लक्षणांवरून ओळखता येतात, माणसांत मात्र तशी लक्षणे नाहीत. माणूस ओळखावा तो त्याच्या कर्मावरून. राजापेठेतील आमच्या मुलांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, तुम्हांस अभिमान हवा असेल तर तो १९१६ च्या त्या निबंधाचा, १९२७ च्या त्या परिषदेचा आणि १९५६ च्या त्या निश्चयाचा बाळगावा. ही सारी माणसांची कृत्ये आहेत, आणि त्यांचा वारसा रक्ताचे नाते न विचारता कोणासही घेता येतो.