अंतरिम पोटगी आणि ‘अंतर्वर्ती’ आदेश

‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ या शब्दापासून साधला आहे. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत पोट थांबत नाही, ही अंतरिम पोटगीमागील साधी भूमिका होय. परंतु असा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला त्यास वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते किंवा नाही, हा प्रश्न भारतात बव्हंशी एका विशेषणाच्या अर्थावर अवलंबून राहिला.

१८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमाने पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाचा एक-पंचमांश ही वादकालीन पोटगीची कमाल मर्यादा ठरविली होती. ती २००१ साली वगळण्यात आली. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ ने अशी मर्यादा घातली नाही, आणि ही मागणी करण्याचा अधिकार पतीलाही दिला. त्या अधिनियमातील अपिलाच्या कलमाची मूळ शब्दयोजना व्यापक होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती आखडली : कायम पोटगी व अपत्यांचा ताबा यांविषयीचे आदेश तेवढे अपीलयोग्य ठरले, आणि तेही अंतरिम नसतील तरच.

फौजदारी बाजूचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम ३९७ मध्ये ‘इंटरलोक्यूटरी’, म्हणजे अंतर्वर्ती, आदेशाच्या पुनरीक्षणास मनाई केली. ‘मध्ये उच्चारलेला’ एवढाच त्या लॅटिन शब्दाचा मूलार्थ. संहितेने मात्र त्याची व्याख्या केली नाही. ती उणीव एका अगदी निराळ्या खटल्यात जाणवली. महाराष्ट्राचे तत्कालीन कायदामंत्री अ. र. अंतुले यांच्या कथित बदनामीवरून मधू लिमये यांच्याविरुद्ध फिर्याद झाली होती. त्या प्रकरणी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जो आदेश अंतिम नाही तो अंतर्वर्तीच असला पाहिजे असे नाही. दोहोंच्या मध्ये आणखी एक वर्ग संभवतो. व्याकरणदृष्ट्याही हे विवेचन निर्दोष म्हणावे लागेल : ‘काळा नव्हे’ म्हणजे ‘पांढरा’ नव्हे.

या तिसऱ्या वर्गाचा आधार पुढे पोटगीच्या प्रकरणांत घेतला गेला. कलम १२५ खाली अंतरिम पोटगी देण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भित मानला, व २००१ साली तो संहितेत शब्दबद्ध झाला. असा आदेश पक्षकाराच्या हक्कावर थेट परिणाम करतो, सबब तो अंतर्वर्ती नव्हे, हा युक्तिवाद काही उच्च न्यायालयांनी स्वीकारला, काहींनी नाकारला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने अपिलाच्या तरतुदीत तोच शब्द पुन्हा योजून वाद वाढविला. त्या अधिनियमाखाली कलम २४ चा आदेश अपीलयोग्य असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले. कलम १२५ च्या अंतरिम आदेशास मात्र पुनरीक्षणाचाच मार्ग दाखविला.

या शब्दच्छलाचे मोल नागपूरच्या एका प्रकरणात दिसते. पत्नीचा अर्ज सप्टेंबर २०१३ चा. कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. पतीने रिट याचिकेद्वारे आव्हान दिले. ते नागपूर खंडपीठाने २०१८ साली फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ४ नोव्हेंबर २०२० चा, आणि मूळ आदेश कायम. ‘अंतरिम’ म्हणविणाऱ्या सोयीस सात वर्षे लागली! त्याच निर्णयात उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वे शपथपत्रावर उघड करावीत, आणि पोटगी अर्जाच्या दिनांकापासून द्यावी, असे निर्देश देण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२५ चे १४४ व ३९७ चे ४३८ झाले. पुनरीक्षणाची मनाई जुन्याच शब्दासह तीत उतरली आहे. त्या शब्दाची व्याख्या याही वेळी दिलेली नाही.