ताडपत्री : एका आच्छादनाचा शब्दप्रवास

'ताडपत्री' हा शब्द ताडाच्या पानावरून आला, असे आम्ही कित्येक वर्षे वर्गात निःशंकपणे सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "मग सर, हिंदीत तिरपाल का म्हणतात?" आणि आमची गाडी अडली.

तिरपाल हे उघडच इंग्रजी 'टारपॉलिन'चे रूप. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. 'टार' म्हणजे डांबर व 'पॉल' म्हणजे आच्छादन, अशी त्याची फोड बहुतेक कोशकार करतात. जहाजावरचा माल भिजू नये म्हणून शिडाच्या जाड कापडावर डांबर चोपडीत. पुढे खलाशांनाच ते नाव चिकटले. हेच कापड बंदरावाटे आपल्याकडे आले असावे आणि मराठी कानाने त्या परक्या ध्वनींत ओळखीचे 'ताड' आणि 'पत्र' ऐकले असावे. लोकव्युत्पत्तीचा आमच्या मते हा नमुनाच होय.

मात्र कानाची ही चूक अकारण नव्हती. पानांनी शाकारणे येथे जुनेच. कोकणात पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झावळ्यांची झापे बांधीत. लावणीच्या शेतात बाया इरले घेऊन ओणव्या असत : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसविलेली पाने, डोके आणि पाठ झाकलेली, हात मात्र दोन्ही मोकळे. छत्रीला हे साधत नाही. (देशावर हेच काम घोंगडीची खोळ करी.) इरल्याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही, ते गरिबाचे साधन होते, आणि त्याची पाने पुन्हा पुन्हा बदलावी लागत.

१९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिथिन योगायोगानेच हाती लागले, आणि कालांतराने ताडपत्रीतून डांबरही गेले, कापडही. प्लास्टिकच्या पट्ट्यांचे हे विणकाम पाऊस अडवते, पण उन्हाला भिते. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, कापड ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. म्हणून त्यात काजळी मिसळतात. काळी ताडपत्री अधिक टिकते ती यामुळे. इरले कुजून मातीत मिसळे. हा चुरा मातीत नुसता राहतो.

पुढच्या तासाला आम्ही आपले जुने उत्तर मागे घेतले आणि इरले कोणी पाहिले आहे का, असे विचारले. एकच हात वर आला, त्याच मुलीचा. तिच्या आजोळच्या पडवीत एक अजून टांगलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते घेऊन यायला सांगितले आहे.