उचलणारे खांदे आणि छोटी गाडी

सिल्वासाजवळचे सुरंगी हे गाव ज्या दादरा-नगर हवेलीत येते, त्या मुलखाचे नाव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत येण्याजाण्याच्या वाटेमुळे गेले आहे. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे कबूल केली. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली, १७८५ मध्ये दादरा. दमणचा किनारा आणि हे दोन टापू यांच्यामध्ये मात्र दुसऱ्याचा मुलूख राहिला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी दादरा आणि सिल्वासा मुक्त केले, तेव्हा भारताने आपली वाट अडवली अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. आणि भारताने आपले कोणतेही दायित्व मोडलेले नाही. न्यायालयाने वाट सरसकट दिली नाही आणि सरसकट नाकारलीही नाही. जाणारा कोण, हे पाहून वाटेचा निर्णय केला.

हाच प्रश्न वाहनाला विचारायला हवा, आणि तो आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. सुरंगीतल्या एखाद्या घरी गुडघे न वाकणारी आई असेल, पक्षाघातानंतर काठीवर चालणारे वडील असतील, तर त्यांना सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात जायचे असते, किंवा रेल्वेसाठी वापीला. रस्ता आहे. घरात गाडीही असते, किंवा घेण्याची ऐपत आलेली असते. अडते ते ओट्यापासून आसनापर्यंतच्या दीड हातात. या दीड हाताला मोठा इतिहास आहे. ते अंतर पूर्वी दुसऱ्यांचे खांदे कापत असत. ते खांदे निघून गेले, आणि जायलाच हवे होते. पण त्यांचे काम यंत्राकडे नीट सोपवले गेले नाही, कारण आपल्याकडे छोटी गाडी मोजली गेली ती किमतीने, लांबीने आणि इंजिनाने. आत बसणाऱ्याच्या गुडघ्याने ती कधीच मोजली गेली नाही.

जुन्या वाहनांपैकी पालखी, मेणा आणि डोली यांचा एक गुण आज विसरल्यासारखा झाला आहे : वाहन माणसाकडे खाली येत असे. मेणा अंगणात जमिनीला टेकवला जाई, बसणारा त्यात सरकून बसे किंवा आडवा होई, आणि मग सारे वजन वर जाई. गोव्यात पोर्तुगीज अंमलातल्या माचिलाची रीत तीच होती. चढणे हा प्रकारच नव्हता. म्हातारा, आजारी, बाळंतीण यांच्यासाठी याहून सोयीचे वाहन माणसाने फारसे बनवलेले नाही. बैलगाडीत ही सोय संपली. गाडीची साटी चाकाच्या आसामुळे उंचावर, म्हणून मागून धरून, उचलून चढवावे लागे. आत पेंढा आणि गोधडी घातली की मग बसणे सुखाचे. टांग्याला लोखंडी पायरी आली, तीही एका पायावर भार पेलू शकणाऱ्यासाठीच. चाके आली, वेग आला, आणि बसणाऱ्याला स्वतः वर चढावे लागू लागले. वाहनाच्या प्रगतीबरोबर हा उलटा प्रवासही झाला.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आणि गंभीर आहे : पालखीचे गुणगान करताना खालच्या खांद्यांचे काय? भोयांचे श्रम, वतनाच्या नावाखाली घेतलेली सेवा आणि या पट्ट्यात तर सरळ वेठ. नगर हवेलीला लागून असलेल्या उंबरगाव-डहाणू भागात वारली माणूस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होता, ओझी वाहत होता, आणि लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधला जात होता. १९४५ च्या मे महिन्यात झरीला भरलेल्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये तो लढा लिहून ठेवला आहे. तेव्हा पालखी परत यावी असे कुणी सुचवत असेल तर ते अन्यायाचे बोलणे ठरेल. पण वेठ गेल्याने माणसाला उचलण्याची गरज गेली नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून आजही आजारी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणला जातो. तिथे खांदे शेजाऱ्यांचे असतात, वेठीचे नसतात, एवढाच फरक. माथेरानमध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा चालत राहिल्या, त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तो देताना न्यायालयाने प्रवाशांना चालत जा म्हटले नाही, ई-रिक्षाचा मार्ग दाखवला. माणसाच्या अंगावरचे ओझे काढायचे तर ते उचलणारे दुसरे काही आणून ठेवावे लागते, हा विचार त्यात आहे. मोटारीच्या बाबतीत हा विचार झाला नाही. भोई गेले आणि त्यांच्या जागी सून, मुलगी किंवा बायको आली. काखेत हात घालून, स्वतःची कंबर धरून ती उचलते आहे.

मोटारीच्या पहिल्या पिढीत ही उणीव तितकी जाणवली नाही, त्याचे कारण योगायोगाचे. १९५० च्या दशकाअखेर आलेली अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, या दोन्हींत पुढची बैठक सलग बाकासारखी होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला, त्यामुळे पुढे पाय पसरायला जागा मोकळी. पाय आखडलेला माणूस आधी कडेला टेकून मग आतल्या बाजूला सरकू शके. कारखानदाराने हे वृद्धांसाठी केले नव्हते. पण झाले होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा गाडी परवडू लागली. या गाडीने देशात केलेला बदल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिची एकूण उंची एक मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, बैठक जमिनीलगत, दोन सुट्या खुर्च्या आणि मध्ये गिअर. गुडघा धड असलेल्याला ती खेळण्यासारखी हलकी वाटे. सत्तरीच्या माणसाला तिच्यात बसणे म्हणजे खड्ड्यात उतरणे, आणि बाहेर येणे म्हणजे विहिरीतून वर येणे. ज्या वर्षांत गाडी पहिल्यांदा सामान्य घरात पोहोचली, त्याच वर्षांत ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सर्वांत गैरसोयीची झाली.

सुटका आली ती जपानच्या एका नियमातून. तिथल्या छोट्या गाड्यांच्या वर्गाला लांबी, रुंदी आणि इंजिन यांची घट्ट मर्यादा होती, पण उंचीला दोन मीटरपर्यंत मोकळीक होती. कारखानदार आडवे वाढू शकत नव्हते म्हणून उभे वाढले. १९९३ मध्ये सुझुकीने तिथे वॅगन-आर आणली. भारतात १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर आली. लोकांनी सुरुवातीला त्यांना बेढब म्हटले. पण या उंच गाड्यांत बैठक खुर्चीसारखी झाली : माणूस पाठ फिरवून आधी टेकतो, मग पाय आत घेतो. २००९ ची टाटा नॅनो जेमतेम तीन मीटर लांब, पण १.६ मीटरहून उंच. तिची चर्चा एक लाखाच्या किमतीपुरतीच झाली, याची हळहळ वाटते. कारण लहानात लहान गाडीही ताठ बसवू शकते हे तिने दाखवून दिले होते. जपानने पुढचे पाऊलही टाकले : तिथे हीच वॅगन-आर बाहेर वळून खाली येणाऱ्या आसनासह कारखान्यातूनच मिळते. म्हणजे मेण्याचा जमिनीवर टेकण्याचा गुण तिथे यंत्राने परत मिळवला. भारतात तिच्यासाठी नुसती बाहेर वळणारी खुर्ची कंपनीने देऊ केली ती २०२५ च्या अखेरीस.

आपल्या नियमांकडे पाहिले की हे इतके उशिरा का, ते कळते. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोटी गाडी पहिल्यांदा कराच्या भाषेत बांधली : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत, त्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले. या नियमाने गाड्यांच्या शेपट्या कापल्या. सामानाची डिकी आखूड झाली, आणि घडीची चाकाची खुर्ची नेमकी तिथेच ठेवायची असते. २०१३ मध्ये करासाठी उंचीही मोजली गेली, पण ती गाडीच्या पोटाखालची : १७० मिलिमीटर किंवा अधिक मोकळी जागा असलेली, चार मीटरहून लांब आणि १५०० सीसीहून मोठी गाडी एसयूव्ही ठरून महाग झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवरचा जीएसटी १८ टक्के झाला. अस्थिव्यंग असलेल्यांना सवलत म्हणून मिळणारा दरही १८ टक्केच होता. म्हणजे छोट्या गाडीपुरता तो वेगळा लाभ उरलाच नाही. मोटार वाहन कायद्यात १९८८ साली अपंगांचे वाहन म्हणजे मुळातच तशी बांधलेली गाडी, फेरफार करून घेतलेली चालणार नाही, अशी व्याख्या होती. फेरफार केलेल्या गाडीला त्या व्याख्येत जागा मिळाली २०१९ च्या दुरुस्तीने. आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांचा उल्लेख आहे. औषधोपचारापर्यंत पोहोचण्याचा नाही.

मग मोठी गाडी घ्यावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि हल्ली शोरूममध्ये हाच सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. फार खोल बैठकीतून उठवत नाही, तसे फार उंच बैठकीवर चढवत नाही. मोठ्या गाडीला बाजूला पायदान लावले की पुन्हा टांग्याची पायरी आली, एका पायावर तोल सावरणे आले. बैठक गुडघ्याच्या पातळीला किंवा किंचित वर असावी लागते, आणि ती पातळी छोट्या उंच गाडीत जास्त सहज सापडते. दुसरे म्हणणे रिक्षाचे. रिक्षा खरोखर चांगली आहे : बाजू उघडी, धरायला दांडी, डोके आपटत नाही. गावातल्या गावात तीच घ्यावी. पण वापीपर्यंतच्या मालमोटारींच्या वर्दळीत, पावसात, ज्याची मान आणि पाठ सावरत नाही अशा माणसाला ती हादरवून टाकते. तिसरा आक्षेप सर्वांत जड : ज्या पाड्यावर गाडीच जात नाही तिथे आसनाच्या उंचीची चर्चा कशाला? दुधनी-मांदोनीकडच्या डोंगराळ भागात रस्ता आधी, हे मान्य. पण रस्ता झाला म्हणजे प्रश्न संपला असे धरून चालल्यानेच सुरंगीसारख्या रस्त्यावरच्या, कारखान्यांच्या गावात म्हातारी माणसे घरात अडकून राहिली आहेत. रस्ता मागणाऱ्याने दारही मागायला हवे.

म्हणून आईवडिलांसाठी गाडी निवडताना इंधनाची सरासरी, रंग आणि पडद्याचा आकार हे सारे नंतर. दार किती अंशांत उघडते, उंबऱ्यासारखी खालची पट्टी किती रुंद, त्या पट्टीपासून आसन किती आत, छताजवळ धरायला मूठ आहे का, पुढची खुर्ची किती मागे सरकते, हे आधी. या भागात सीएनजी सर्रास घेतला जातो. पण डिकीत टाकी बसली की चाकाची खुर्ची घरी राहते, आणि ती घरी राहिली तर रुग्णालयाच्या दारात पुन्हा कुणाच्या तरी खांद्याची गरज लागते. टाकी तळाखाली दोन भागांत बसवलेल्या गाड्या २०२३ पासून मिळू लागल्या आहेत, त्या पाहाव्यात. स्वतः बसून गाडी पसंत करू नये. ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना नेऊन तीनदा बसवावे, तीनदा उतरवावे, आणि मदत न करता पाहावे. जाण्याआधी घरातली ज्या खुर्चीतून ती व्यक्ती कुणाचा हात न धरता उठते, त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून कागदावर लिहावी, आणि दुकानदार माहितीपत्रक पुढे करेल तेव्हा तो कागद त्याच्यासमोर ठेवावा.