नांदूर मधमेश्वर : गाळ आणि पाखरं

अधिवास म्हटलं की आपल्याला फक्त जागा आठवते. पण अधिवासाला इतिहासही असतो. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वरच घ्या. गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बंधारा घातला, तो कोपरगावकडं जाणाऱ्या कालव्यांसाठी. पाखरं कुणाच्या डोक्यातही नव्हती! पुढं गाळ साचत गेला. इंजिनिअरच्या हिशेबी तो निव्वळ तोटा. पण त्या गाळानंच उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना नेमकं हेच हवं होतं.

पाखरू उडून जागा बदलू शकतं. वाहत्या पाण्यातल्या माशापुढं मात्र बंधारा उभा असतो. त्यानं साचलेल्या पाण्याशी जुळवून घ्यायचं, नाहीतर तिथून नाहीसं व्हायचं.

१९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव लागलं. गाळ काही थांबलेला नाही. सगळा उपसला तर उथळपणा जातो. तसाच साचू दिला तर हळूहळू पाणीच हटतं. मग आपण जपायचं ते कोणत्या सालचं नांदूर मधमेश्वर? हे ठरवायचं काम पक्षीशास्त्रज्ञांवर एकट्यावर टाकता येणार नाही, कालव्याचं पाणी पिकाला घेणारेही त्यात आलेच.